गाडीचे इंजिन गेले, जबाबदारी कोणाची?



यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून थेट नवरात्रापर्यंत आम्ही उभयता मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला रिक्षाने आलो. "गाडी कुठे आहे?" असे बहुतेकांनी विचारले आणि आम्ही "वर्कशॉपमध्ये" एवढेच सांगत राहिलो. प्रकरण चालू असताना जास्त बोलणे बरे नव्हते. आता ते मिटले आहे, आणि कार्यकारिणीच्या सांगण्यावरून हा अनुभव लिहून देत आहोत. आम्ही वकील नाही आणि मेकॅनिकही नाही. बँकेत छत्तीस वर्षे इतरांचे कागद तपासले, त्या सवयीचा या वेळी स्वतःसाठी उपयोग झाला. कंपनीचे व डीलरचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण हा प्रसंग कोणत्याही कंपनीच्या गाडीवर येऊ शकतो.

काय घडले

२०२२ च्या अक्षय्य तृतीयेला आम्ही पेट्रोलची गाडी घेतली. किंमत सुमारे साडेनऊ लाख, वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर. २७ डिसेंबर २०२४ ला इंदूरहून व्याह्यांकडून परत येताना हालोलच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेईपर्यंत खडखड आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. मीटरवर ४१ हजार किलोमीटर झाले होते. रात्री क्रेनवरून गाडी वडोदऱ्याला डीलरच्या वर्कशॉपमध्ये आणली.

चौथ्या दिवशी फोन आला. "काका, इंजिनमध्ये पाणी गेलेलं दिसतंय. पुरात उभी होती ना गाडी? वॉरंटीत बसणार नाही." एस्टिमेट २ लाख ८६ हजारांचे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली आणि शहरातल्या असंख्य गाड्या पाण्यात गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे वडोदऱ्याची गाडी म्हटली की 'पुराचे पाणी' हे कारण पटकन सुचते. निवृत्त माणसाला पावणेतीन लाख म्हणजे बऱ्याच महिन्यांचे पेन्शन. पण आम्हाला रकमेहून जास्त लागले ते हे, की इंजिन अजून कोणी उघडलेच नव्हते आणि दोष आमच्या माथी मारून झाला होता.

इंजिन 'जाते' म्हणजे काय होते

वाद समजण्यापुरते थोडे यंत्राविषयी. पिस्टन वरखाली होतो, कनेक्टिंग रॉड त्याला क्रँकशाफ्टशी जोडतो आणि क्रँकशाफ्ट फिरतो. रॉड व क्रँकशाफ्ट जिथे मिळतात तिथे पातळ अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना बेअरिंग म्हणतात. धातूवर धातू घासू नये म्हणून तिथे ऑइलचा बारीक थर सतत असावा लागतो. तो थर तुटला की बेअरिंग तापते, खरवडते आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते.

हा थर तुटण्याची कारणे वेगवेगळी, आणि प्रत्येक कारण मागे वेगळी खूण ठेवते. वेळेवर ऑइल न बदलल्यास आत काळा चिकट गाळ साचतो. हा मालकाचा दोष. पाण्यात गाडी चालवल्यावर सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर पाणी दाबले जात नाही, म्हणून रॉड वाकतो. शिवाय एअर फिल्टरच्या डब्यात ओल किंवा माती सापडते आणि ऑइलमध्ये पाणी मिसळले असेल तर ते दुधट होते. आणि ऑइल स्वच्छ, पातळी योग्य, रॉड सरळ असूनही बेअरिंगवर चरे आणि ऑइलच्या वाटांमध्ये धातूचा कीस सापडला, तर संशय कारखान्याकडे वळतो.

"कंपनीच्या कारखान्यात अशी चूक होईल का?" असे आम्हालाच आधी वाटले होते. होते. अमेरिकेत सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्टमधल्या ऑइलच्या वाटा कोरताना निघालेला कीस पूर्णपणे साफ झाला नव्हता आणि तो बेअरिंगला ऑइल पोचू देत नव्हता. परत बोलावण्यातल्या दिरंगाईबद्दल नोव्हेंबर २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया यांना तिथल्या वाहन-सुरक्षा खात्याशी एकूण २१ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आमच्या गाडीचा त्या प्रकरणाशी काहीही संबंध नाही. फक्त 'इंजिन गेले म्हणजे मालकाने हयगय केली' हे समीकरण नेहमी खरे नसते, एवढ्यासाठी हे सांगितले.

सर्वांत महत्त्वाचे: इंजिन उघडण्यापूर्वी

या सगळ्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. पुरावा इंजिनच्या पोटात असतो आणि तो एकदाच बघायला मिळतो. वर्कशॉपने इंजिन खोलले, भाग धुऊन ट्रेमध्ये मांडले, जुने ऑइल ओतून दिले, की मग ते म्हणतील ते खरे. नंतर कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी त्याला बघायला काही उरत नाही.

आम्हाला एका छापील फॉर्मवर सही करायला सांगितले. त्यात बारीक अक्षरात लिहिले होते की कारण काहीही निघाले तरी उघडण्याचा व दुरुस्तीचा खर्च मालक देईल. ते वाक्य आम्ही खोडले आणि हाताने लिहिले: "वॉरंटीखालचे सर्व हक्क राखून, फक्त तपासणीसाठी, आमच्या समक्ष उघडण्यास संमती." मॅनेजर कुरकुरला, पण सही घेतली. त्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना ई-मेल केला. त्यात चार मागण्या होत्या. आमच्या व आमच्या तज्ज्ञाच्या उपस्थितीशिवाय इंजिन उघडू नये. उघडताना व्हिडिओ घ्यावा. जुने ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि बेअरिंग सीलबंद करून ठेवावीत. गाडीतील संगणकाची नोंद पुसू नये, तिची प्रत द्यावी.

मग एक परवानाधारक सर्व्हेअर शोधला. ते स्वतः ऑटोमोबाइल इंजिनिअर होते. त्यांची फी सहा हजार. जावईबापू म्हणाले, "बाबा, आधीच खर्च झालाय, त्यात हे कशाला?" पण सगळ्या प्रकरणात सर्वांत कारणी लागलेले पैसे हेच. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वांसमक्ष इंजिन उघडले. चारही रॉड सरळ. एअर फिल्टर कोरडा, मातीचा मागमूस नाही. ऑइल दुधट नव्हते, गाळ नव्हता. तिसऱ्या सिलिंडरच्या बेअरिंगवर खोल चरे आणि फिल्टरच्या कागदात चकचकीत कीस. सर्व्हेअरांनी जागेवर मोजमापे घेतली आणि फोटोंसह अहवाल दिला.

कागदांची गोष्ट

पाण्याचा मुद्दा ढिला पडला, तसा कंपनीने लेखी उत्तरात दुसरा मुद्दा काढला: एक सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपबाहेर झाली आहे, म्हणून वॉरंटी रद्द. हे खरे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये नातीच्या बारशासाठी आम्ही पुण्याला लेकीकडे होतो. किलोमीटर भरले म्हणून तिथल्याच एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतले होते.

पण त्या गॅरेजवाल्याच्या बिलावर २९ ऑगस्ट २०२४ ही तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहिलेला होता. म्हणजे ज्या आठवड्यात वडोदऱ्यात पूर होता, त्या आठवड्यात गाडी पुण्यात होती. जोडीला आम्ही बँकेतून फास्टॅगचे स्टेटमेंट काढले. जाताना २० ऑगस्टला आणि परत येताना ४ सप्टेंबरला करजणच्या टोलनाक्यावर पैसे कापले गेल्याची नोंद त्यात मिळाली. कंपनीने आमच्या विरुद्ध पुढे केलेले बिलच पुराचा आरोप खोडायला उपयोगी पडले.

बाहेरच्या सर्व्हिसबाबत एक माहिती सर्वांनी ठेवावी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता. सुट्या भागांच्या बाजारातील अडवणुकीबद्दल दंड होताच, शिवाय बाहेरच्या गॅरेजमध्ये गेल्यास सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही म्हटले होते. पुढे अपिले झाली. तरीही "बाहेर गेलात, सगळं संपलं" असे कोणी सांगितले तर "बाहेरच्या कामामुळे नेमके काय बिघडले ते लेखी द्या" असे जरूर विचारावे.

सर्वांत मोलाचा कागद मात्र आमच्या सौ.च्या फाइलमध्ये निघाला. १८ हजार आणि ३१ हजार किलोमीटरच्या सर्व्हिसच्या वेळी तिने सांगितले होते की सकाळी गाडी चालू करताना खडखड होते. दोन्ही जॉब कार्डांवर ती तक्रार लिहिलेली होती आणि पुढे वर्कशॉपचा शेरा: "आवाज नॉर्मल." म्हणजे दोष अचानक आला नव्हता. वॉरंटीच्या काळात तो दोनदा कळवला होता आणि दोनदा दुर्लक्षिला गेला होता.

म्हणून सभासदांना विनंती. गाडी सर्व्हिसला देताना तोंडी सांगून थांबू नका. तुमच्या शब्दांत तक्रार जॉब कार्डावर लिहिली आहे का ते वाचा, मगच सही करा. फोनवर जे बोलणे झाले ते त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या ई-मेलने पक्के करा. आम्ही बँकेत म्हणत असू, व्हाउचर नाही तर एंट्री नाही. तेच इथेही.

जबाबदार कोण: कंपनी, डीलर की विमा?

विम्याचे आधी सांगतो. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारून इंजिन गेले, तर तेही बहुधा नाकारले जाते. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कलम घ्यावे लागते. आपल्या शहरात ते घेतलेले बरे. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर किल्ली फिरवू नका, ढकलून बाहेर काढा.

आता कंपनी आणि डीलर. हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्षकार करावे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गोव्याच्या एका ग्राहकाचे प्रकरण गेले होते. डीलरने त्याला जुन्या सालची, आधी वापरलेली गाडी नवी म्हणून दिली होती. टाटा मोटर्सला त्याची माहिती होती असे दिसले नाही, तेव्हा डीलरच्या कृत्याबद्दल कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. विक्रीतली लबाडी आणि निगा राखण्यातली चूक डीलरची, बनावटीतला दोष आणि वॉरंटीचे वचन कंपनीचे. आपल्या तक्रारीत दोन्ही वेगवेगळे मांडावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' नावाचे नवे प्रकरण आहे. ते वाचून आम्हाला फार आनंद झाला होता, पण व्याख्या बारकाईने वाचल्यावर कळले की त्यात 'हानी' म्हणजे माणसाला इजा किंवा दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान. खुद्द त्या वस्तूचे नुकसान त्यातून वगळले आहे. म्हणजे इंजिन जळून कोणाला इजा झाली तर ते प्रकरण लागू. नुसते इंजिन गेले तर तक्रार 'वस्तूतील दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' या जुन्याच आधारांवर करायची. अनेकजण इथे चुकतात.

नवी गाडी मिळते का?

ओळखीचे लोक म्हणत होते, "नवीन गाडीच मागा, सोडू नका." निकाल मात्र तसे सांगत नाहीत. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. २०१० मध्ये फियाटच्या प्रकरणात इंजिनच्या आवाजाची तक्रार होती आणि कंपनीने इंजिन बदलूनही दिले होते. तिथेही गाडीच्या किमतीचा परतावा अंगभूत दोष सिद्ध होण्यावर अवलंबून ठेवला आणि स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितली.

ग्राहकाच्या बाजूचेही निकाल आहेत. २०२२ मध्ये ह्युंदाईच्या एका गाडीच्या एअरबॅग अपघातात उघडल्या नाहीत. ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, वेग व आघाताचे गणित त्याने मांडावे अशी अपेक्षा चुकीची, अशा अर्थाचे न्यायालयाने म्हटले आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. पण तो सुरक्षिततेचा प्रश्न होता. इंजिनच्या वादात पहिला पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो. तो दिला की मग उत्तर देण्याची पाळी कंपनीची.

म्हणून आम्ही मागणी मोजकी ठेवली: इंजिन बदलून द्या, क्रेनचा आणि तपासणीचा खर्च द्या, गाडीविना गेलेल्या काळाची वाजवी भरपाई द्या.

तक्रार कशी केली

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. कंपनीने तेच उत्तर पुन्हा पाठवले. मग रजिस्टर्ड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस दिली आणि मार्च २०२५ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. उपयोगी बाबी अशा:

१. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय कुठे आहे याची चिंता नको.

२. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. मागितलेल्या भरपाईवर हे ठरत नाही. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली.

३. फी नगण्य आहे. ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये.

४. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी. पत्रव्यवहारात हा काळ निघून जातो, जपा.

५. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते. आम्ही मसुदा स्वतः केला आणि ओळखीच्या वकिलांकडून तपासून घेतला.

६. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याने ३० दिवसांत म्हणणे द्यायचे, आयोग आणखी १५ दिवस देऊ शकतो, त्याहून जास्त नाही. हे घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

७. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तशी लेखी विनंती तक्रारीसोबतच करावी.

कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात. आमच्याही पडल्या.

शेवट काय झाला

कंपनीने म्हणणे सादर केले, त्यात पुराचा मुद्दा होताच. आम्ही सर्व्हेअरांचा अहवाल, फास्टॅगचे स्टेटमेंट, पुण्याचे बिल आणि दोन जॉब कार्डे तारीखवार लावून एका पानाच्या तक्त्यासह दिली. त्यानंतर कंपनीच्या वकिलांनीच मध्यस्थीची तयारी दाखवली. नव्या कायद्यात मध्यस्थीची सोय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये समझोता झाला. इंजिनचा मुख्य भाग नवा, मजुरीसह विनामूल्य, त्या भागावर एक वर्षाची वेगळी वॉरंटी, आणि क्रेन व सर्व्हेअरचा खर्च परत. गाडीविना गेलेल्या दहा महिन्यांची भरपाई मिळाली नाही. आणखी दोन वर्षे भांडलो असतो तर कदाचित मिळाली असती. आमच्या वयाला तो हिशोब पटला नाही. दोष कंपनीने लेखी कबूल केला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

रागाच्या भरात पहिल्याच आठवड्यात आम्ही पैसे भरून गाडी सोडवून आणणार होतो. "भांडणात काय मिळणार, या वयात?" असे मनात आले होते. सौ. म्हणाली, "मी दोनदा सांगितलं होतं आवाज येतो म्हणून. ते लिहिलेलं आहे. मग पैसे आपण का द्यायचे?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

ज्यांच्याकडे अशी अडचण असेल त्यांनी मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी भेटावे. नोटिशीचा आणि तक्रारीचा नमुना, तसेच वर्कशॉपला पाठवायच्या पहिल्या ई-मेलचा मसुदा आम्ही तिथे ठेवला आहे. गाडी वर्कशॉपमध्ये गेलेलीच असेल तर मात्र रविवारची वाट पाहू नका. आधी "आमच्याशिवाय इंजिन उघडू नये" एवढे लिहून पाठवा.